डाळिंबाच्या सालीचं पाणी

ते पाणी ज्या ज्या पुरुषाने चाखलं, त्याला ते काय आहे हे पहिल्याच घोटात कळलं होतं. कुणीही बोललं नाही. जो माणूस ते सकाळ-संध्याकाळ औषध म्हणून घेत होता, त्या एकट्यालाच ते कळत नव्हतं, कारण त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे त्यांची डाळिंबाची बाग आहे, थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत. गाव त्यांना आबा म्हणतं, घरचेही, मीही. तरुणपणी गळ्यात तुळशीची माळ घातली, ती अजून उतरलेली नाही. मी बारामतीत एका वर्तमानपत्राचा बातमीदार आहे. लग्न ठरताना बैठकीत माझ्याविषयी जे काही सांगितलं गेलं, त्यात ‘मुलगा निर्व्यसनी’ हे शब्द होते. असे शब्द त्या बैठकीत सगळ्यांविषयीच वापरले जातात.

आबांचं लिव्हर खराब आहे हे योगायोगाने कळलं. पित्ताच्या खड्यांसाठी बारामतीत सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टरांनी यंत्र पोटाच्या उजव्या बाजूला पुन्हा पुन्हा फिरवलं. चरबी आणि अनेक वर्षांची साखर यांनी लिव्हर निबर होत आलं होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. दारूने होतो तसा तो दारूशिवायही होतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा लिव्हरमध्ये पुढे कॅन्सरची गाठ धरू शकते, आणि ती लहान असतानाच सापडली तर उपाय करता येतो. त्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. किती वर्षं, असं आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता कायमच.

आबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचे थोरले भाऊ वालचंदनगरला नोकरीत होते, कॉलनीत राहायचे. त्यांनाही व्यसन नव्हतं. पोटात पाणी भरल्यावर तपासणी झाली, तेव्हा गाठ हाताला लागत होती. शेवटचे आठवडे आबा त्यांच्या उशाशी होते. त्यामुळे ते काय टाळू पाहत होते, याविषयी घरात कुणाला शंका नव्हती.

दर वेळी डॉक्टर एक प्रश्न विचारायचे. वजन, साखर, गोळ्या, आणि मग मान वर न करता, ‘दारू?’ आबा अंगठ्याने सदऱ्यातून माळ बाहेर काढून दाखवायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न.

“दर बारीला इचारतोय,” परत येताना आबा गाडीत म्हणायचे. “माळ दिसत न्हाय व्हय त्याला?”

“सगळ्यांनाच विचारतात आबा. नियम असतो.”

“नियम असल. पण मला इचारतोय न्हवं.”

गावालाही लिव्हरच्या आजाराचं एकच कारण माहीत होतं. डेअरीवर दूध घालताना कुणीतरी म्हणालं, “आबा, माळंच्या आतनं हळूच चालू हुतं व्हय?” सगळे हसले, आबाही हसले. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला माझा मेहुणा, म्हणजे आबांचा मुलगा, जाऊ लागला.

पुढे इंदापुरात डाळिंब उत्पादकांचा मेळावा होता. मी बातमीसाठी गेलो होतो, आबा तेल्या रोगावरच्या फवारणीची माहिती घ्यायला. सगळ्यात शेवटी अन्नशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. तोवर जेवणाची रांग लागली होती आणि निम्मा मंडप रिकामा होता. आबा पहिल्या रांगेत बसून राहिले.

बाई सालीविषयी बोलल्या. आपण दाणे खातो आणि साल उकिरड्यावर टाकतो. तोंडाला तुरटपणा आणणारी जी द्रव्यं झाडं स्वतःच्या रक्षणासाठी तयार करतात, ती फिनॉल गटातली आणि सालीत भरपूर असतात. पण ती जशीच्या तशी शरीराला फारशी लागत नाहीत. आतड्यातले काही जिवाणू ती फोडतात, त्यातून नवी द्रव्यं बनतात, आणि आतड्यातलं रक्त पहिल्यांदा लिव्हरकडे जात असल्याने ती थेट तिथे पोचतात. लिव्हरची सूज आणि कॅन्सर रोखायला त्यांचा उपयोग होईल का, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत. परिणाम दिसलेत ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर. माणसांत सिद्ध झालेलं नाही. शिवाय हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात.

‘माणसांत सिद्ध झालेलं नाही’ हे वाक्य मी बातमीत घेतलं आणि ते छापूनही आलं. आबांनी ते मंडपात ऐकलं, पेपरात वाचलं. त्यांच्या मनात राहिलं ते बाईंचं शेवटचं, जिवाणूंविषयीचं वाक्य.

“म्हंजी जमिनीसारखंच की,” ते मेळाव्यातून घरी जातानाच म्हणाले होते.

“कसं?”

“शेतात किती बी खत टाका, मातीत जिवाणू न्हायती तर पिकाला लागतंय का? मग आपुन काय करतो? कल्चर सोडतो.”

“पोटाचं तसं नसतं आबा.”

“मग कसं असतंय?”

बाई जे बोलल्या होत्या, ते त्यांनी जवळजवळ बरोबर पकडलं होतं. चूक होती ती पुढच्या पायरीत.

आमच्याकडे जमिनीसाठी जीवामृत करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पिंपात कालवायची, काही दिवस ढवळत राहायचं. गुळावर जिवाणू वाढतात, मग ते पाणी पिकाला सोडायचं. आबांनी तीच रीत घेतली. पोटात जायचं म्हणून शेण, गोमूत्र, माती गाळली. त्याऐवजी ताक घातलं. बागेतली तडकलेली फळं सोलून साली वाळवल्या, कुटल्या. गूळ नेहमीच्या मापाने. नवं निळं पिंप आणून ते वैरणीच्या शेडमध्ये सावलीला ठेवलं आणि बांबूच्या काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळू लागले. आधी तोंडाला फडकं बांधलं होतं. चिलटं घोंगावू लागली तेव्हा झाकण घट्ट लावलं.

चार-सहा दिवसांनी झाकणाला कान लावला की आतून बारीक फसफस ऐकू यायची.

“जितं हायती,” आबा म्हणायचे. “बोलत्यात.”

मी रविवारी गेलो तेव्हा पहिला ग्लास मला मिळाला. जावयाचा मान. सासूबाईंनी स्टीलचा पेला पुढे केला आणि नजर दुसरीकडे वळवली. पेला तोंडाजवळ नेला तेव्हाच वास ओळखीचा वाटला. हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्या मी अनेक केल्या आहेत. नदीकाठच्या झाडीत पोलिसांबरोबर उभा राहून ‘गूळमिश्रित कच्चे रसायन जागीच नष्ट’ हे शब्द किती वेळा लिहिले, ते आठवत नाही. हा तोच वास होता. मग तुरट चव, मग आंबट, आणि घशाखाली उतरल्यावर ऊब. ती ऊब छाप्याच्या बातम्यांत कळत नाही. ती मला इतर ठिकाणांहून माहीत होती.

“कसं हाय, जावईबापू?”

“तुरट आहे,” मी म्हणालो.

हे विधान खरं होतं. दारात मेहुणा उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

नंतर तो मला मोटार दाखवायच्या निमित्ताने विहिरीवर घेऊन गेला.

“दाजी, कळलं न्हवं?”

“कळलं.”

“मग बोलला का न्हाय?”

“तू का नाही बोललास?”

“मी? मी काय म्हणू? आबा, हे दारूसारखं लागतंय? पुढचा प्रश्न काय ईल? दारू कशी लागती तुला कसं ठावं?” त्याने विहिरीत खडा टाकला. “तुमी निदान छाप्याचं नाव घेऊ शकता. मी कुठल्या छाप्यात हुतो म्हणून सांगू?”

अशी ती कोंडी होती. माळकरी माणसाच्या घरात हा वास ओळखणं म्हणजेच स्वतःविषयी काहीतरी सांगणं होतं. आणि ते सांगायची तयारी झाली तरी पुढचं वाक्य त्याहून अवघड होतं. ज्या माणसाला गावाने दारुडा ठरवलं आणि ज्याने दर सहा महिन्यांनी माळ काढून दाखवली, त्याला सांगायचं की आबा, आता तुम्ही खरोखरच पिताय.

गप्प राहावं तर दर दिवशी दोन ग्लास त्याच लिव्हरवर जात होते.

घरी बायकोला विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

“मला पहिल्या दिवशीच कळलं,” ती म्हणाली. “आईलाही.”

“मग आईंनी सांगावं.”

“आई म्हणते, सगळं गाव बोलत होतं तेव्हा मी एकटीनं छाती ठोकून न्हाय म्हटलं. आता मीच तोंड उघडू?”

“तू सांग. शास्त्र म्हणून सांग.”

“मी सांगितलं की. उकळून घ्या म्हटलं, दारू उडून जाईल. दारू शब्द नाही काढला, नुसतं उकळून घ्या म्हटलं. तर म्हणाले, उकळलं तर जिवाणू मरत्याल, शिकवती काय शाळंत?”

आम्ही आडून आडून प्रयत्न केले. मी उंदरांचा मुद्दा काढला. आबा म्हणाले, उंदरावर झालं म्हणजे सुरुवात झाली. मेहुण्याने एकदा पिंप उपडं केलं आणि म्हशीवर आळ घातला. आबांनी घरात दह्याच्या विरजणासारखं थोडं पाणी बाटलीत राखून ठेवलेलं होतं, त्यावर नवं पिंप लावलं. पहिल्यापेक्षा मोठं.

मोठं लागणारच होतं, कारण तोवर गावाला लिव्हरची काळजी वाटू लागली होती. दुपार कलली की एकेक जण शेडकडे यायचा. डेअरीवर हसलेलेही त्यात होते. आबा सगळ्यांना पेला द्यायचे, साल आणि जिवाणू समजावून सांगायचे. ऐकणारे माना डोलवत पेला संपवायचे.

“आबा, माझं बी लिव्हर जरा जड वाटतंय.”

“मग घे की अजून अर्धा.”

“अर्ध्यानं काय हुतंय आबा? पुरा द्या. आजार अंगावर काढू न्हाय.”

बोलणाऱ्याच्या मागे बसलेले खाली बघून हसायचे. कित्येक महिन्यांनी आबांच्या अंगणात माणसं बसत होती. आबांचा चेहरा खुलला होता. हे सगळं पाहत मी दर रविवारी तिथे खुर्चीवर बसत होतो, पुढे पेला येत होता आणि मी तो हातात धरून ठेवत होतो.

सोनोग्राफीची वेळ आली तेव्हा आबांनी जाहीर केलं की ते येणार नाहीत.

“आता कशापायी? झोप लागती, भूक लागती. त्याचा त्यो प्रश्न ऐकाया जायचं?”

बायको रडकुंडीला आली. सासूबाईंनी थोरल्या दिरांची आठवण काढली. आबा बधले नाहीत. शेवटी मी म्हणालो, “आबा, तपासलं नाही तर गुण आलाय हे सिद्ध कसं होणार? पेपरात मी काय छापू?”

हे त्यांना पटलं. मला त्याची शरम वाटली नाही. ते गाडीत बसणं महत्त्वाचं होतं.

निघताना त्यांनी डॉक्टरांना दाखवायला त्या पाण्याची बाटली भरून घेतली. जंक्शन नावाच्या गावाअलीकडे खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीत बाटलीचं टोपण उडालं. सगळ्या गाडीत वास पसरला. मी काच खाली केली. आबांनी टोपण पुन्हा लावलं. “जोर बघा त्यांचा,” ते समाधानाने म्हणाले.

सोनोग्राफीत नवं काही दिसलं नाही. गाठ नव्हती. मग डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल समोर घेतले आणि त्यांचा हात थांबला. लिव्हरचे आकडे मागच्या खेपेपेक्षा बरेच वाढले होते. त्यांनी या वेळी मान वर करून विचारलं.

“दारू?”

“न्हाय,” आबा म्हणाले आणि अंगठ्याने माळ बाहेर काढली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीला खिडकी होती. खाली रस्त्यावर उसाची ट्रॉली वळत होती, तिच्याकडे बघत राहता आलं असतं. आबा मांडीवर पिशवी धरून, बाटली दाखवायची आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसले होते.

“आबा, ती बाटली द्या,” मी म्हणालो.

त्यांनी ती खुशीने दिली. मी ती टेबलावर ठेवली.

“डाळिंबाची साल, गूळ आणि ताक. झाकण लावून आंबवलेलं. सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास. त्यांना माहीत नाही.”

डॉक्टरांनी टोपण फिरवलं. फस्स आवाज झाला. त्यांनी वास घेतला आणि टोपण परत लावलं.

“काय म्हाईत न्हाय?” आबांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. आवाज न चढवता, गुळाचं काय होतं, झाकण लावल्यावर काय होतं. साल दोषी नाही, पण तीही मनाने घेऊ नका. जिवाणूंची गोष्टही खोटी नाही, पण कोणते जिवाणू वाढवायचे हे पिंपाला कळत नाही, असं ते म्हणाले. अशा लिव्हरला ही दारू थोडीही चालत नाही. भावाला जे झालं ते टाळायचं असेल तर आजपासून बंद.

आबा माझ्याकडे वळले.

“तुमाला कवा कळलं?”

“पहिल्या दिवशी.”

“पोराला?”

“त्यालाही.”

“अन् हिला?”

सासूबाईंविषयी विचारत होते. मी बाटली पिशवीत ठेवू लागलो. त्यांनी मान हलवली.

“म्हंजी मी एकटाच.”

परतीच्या वाटेवर वालचंदनगरचा फाटा गेल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून आत बसले. माळ त्यांनी काढली नाही. अजाणता झालं त्याचं पाप नसतं, असं घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. पण ते बटण तेव्हापासून लावलेलंच असतं.

पिंप त्यांनी स्वतः ओतलं, डाळिंबाच्या बुडाला. “त्येंनी कुठं माळ घातलीय,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी नेहमीचे दोघे-तिघे आले.

“आबा, लिव्हरचं पाणी?”

“संपलं. तुमची लिव्हरं आता तुमी बघा.”

अंगण पुन्हा रिकामं झालं. डॉक्टरांनी बिनसाखरेची काळी कॉफी चालेल असं सांगितलं होतं. तिच्यातही फिनॉल गटातली द्रव्यं असतात आणि कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी आढळतो, अशी निरीक्षणं आहेत. त्याचं कारण नक्की झालेलं नाही. दोन म्हशींच्या घरात बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी करायची हे सासूबाईंना अपमानास्पद वाटलं. आबा ती रोज पितात, चेहरा न हलवता. पण आधी पेला माझ्यापुढे करतात, मी गेलो की. कॉफीच नव्हे, ताक, सरबत, कुणी दिलेला काढा, काहीही.

“चाखा,” म्हणतात. “अन् खरं सांगा. तुरट हाय म्हणू नका.”

मी चाखतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. घरात विनोद म्हणून हे चालतं. आबा हसत नाहीत.

त्यानंतर सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच खोलीत होतो. या वेळी त्यांची समजूत घालावी लागली नव्हती. सदरा इस्त्रीचा होता, बटण लावलेलं. डॉक्टरांनी वजन विचारलं, साखर विचारली, गोळ्या विचारल्या, आणि सवयीने पुढचा शब्द आला.

“दारू?”

त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि ते कागद उलटू लागले. आबांचा अंगठा गळ्यापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

“व्हय,” आबा म्हणाले. “पिलोय. आता सोडली.”

“अहो, ते तसं धरायचं नाही आबा. तुम्हाला कुठं माहीत होतं? मी लिहीत नाही ते.”

“लिव्हा. पोटात गेली ती गेलीच न्हवं? हाय ते लिव्हा.”

डॉक्टरांनी लिहिलं. आबा उठले आणि सांगण्याआधीच आतल्या खोलीत जाऊन टेबलावर आडवे झाले. सदरा वर करताना माळ छातीवर आली, ती त्यांनी मुठीत धरून बाजूला घेतली. पोटावर थंडगार जेल पडल्यावर अंग थोडं आकसलं. सोनोग्राफीच्या पडद्याची पाठ आमच्याकडे होती. यंत्र उजव्या बरगडीखाली गेलं आणि तिथेच थांबलं.

“श्वास धरा,” आतून डॉक्टरांचा आवाज आला.

आबांनी धरला. दाराशी उभ्या उभ्या मीही धरला होता, हे मला नंतर कळलं. यंत्र हलत नव्हतं, आणि सोडा असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.